ऐकावे जनाचे, पण कधीचे?

या महिन्यात आलेल्या निम्म्या पत्रांची सुरुवात एकच आहे, ‘ताई, सगळे म्हणतात की...’. त्यातली तीन घेतलीयत. नावं कोणाचीच छापत नाही, पुणं लहान आहे.

प्रश्न: मी ३१ वर्षांची, आम्ही दोघं आयटीत, वाकडला टू बीएचके भाड्याने, भाडं २६ हजार. मामा, सासरे, ऑफिसमधले सगळे म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात, आता घर घ्याच. पुनावळ्याला बांधकाम चालू असलेला ८० लाखांचा फ्लॅट बघितलाय, २० लाख आमचे आणि ६० लाख लोन. पण मला नोकरी सोडून बी.एड. करायचंय. वॉचमनकाकांच्या मुलीला मी शनिवारी गणित शिकवते, तिला अपूर्णांक कळेचनात, मग एक दिवस भाकरी घेतली आणि अर्धी, चतकोर, नितकोर असे तुकडे करून दाखवले तर ती ओरडलीच, ‘म्हणजे खालचा आकडा मोठा झाला की तुकडा बारीक!’ तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. नवरा म्हणतो आधी फ्लॅट होऊ दे, मग बघू. माझं चुकतंय का?

उत्तर: चुकत नाहीये, पण हिशोब केलेला दिसत नाहीये, आणि मामांनी पण केलेला नाही. ६० लाख, वीस वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरू. हप्ता येतो साधारण ५२ हजार. त्यातलं पहिल्या महिन्याचं व्याजच ४२,५००, म्हणजे मुद्दल फिटलं जेमतेम साडेनऊ हजार. भाड्याचे २६ हजार पाण्यात जातात तर हे साडेबेचाळीस कुठे जातात ते मामांना विचार (हळूच विचार, मामा आहेत ते). शिवाय जीएसटी ५ टक्के म्हणजे ४ लाख, स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, फक्त बाईच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी, आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले जवळजवळ दहा लाख. हे तुमच्या वीसमध्ये धरलेत की वेगळे?

मामा खोटं बोलतायत असं मी म्हणत नाहीये. त्यांनी घेतलं तेव्हा ते बरोबरच असणार. सल्ला देणारा माणूस त्याचं वर्ष सांगायला विसरतो, एवढंच. आमच्या घरचंच सांगते. वडिलांनी कोथरूडला जागा घेतली तेव्हा आख्खं घर विरोधात होतं, पेठेतली भाड्याची खोली कोणी सोडतं का, भाडं तर नावाला आहे, तिकडे रात्री कोल्हे ओरडतात, पोरींनी शाळेत जायचं कसं, आजी तर दोन महिने बोलत नव्हती. म्हणजे त्या वेळी ‘सगळे म्हणतात’ वाला सल्ला होता, भाड्याचं घर सोडू नका! वडिलांनी ऐकलं नाही, त्यांचं भलं झालं, आणि आता तेच वडील माझ्या मुलाला ‘भाड्याने राहणं म्हणजे मूर्खपणा’ असं वेदवाक्य असल्यासारखं ऐकवतात.

घर घेऊच नका असंही नाही. अकरा महिने झाले की परत करार, परत ब्रोकर, मालकाला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा मारायचा नाही, आणि पोरांची शाळा सुरू झाली की हे सगळं फार जाचक होतं. या त्रासाची किंमत रुपयांत निघत नाही, तरी धरायचीच. पण तुझं पत्र परत वाच ना. फ्लॅटबद्दल किंमत आणि लोन सोडून एक शब्द नाही, गॅलरी कुठल्या बाजूला, ओटा कसा, काहीच नाही. भाकरीबद्दल मात्र नितकोरापर्यंत लिहिलंयस.

बी.एड. दोन वर्षांचं आहे, आधी सीईटी द्यावी लागते. ५२ हजारांचा हप्ता एकदा सुरू झाला की एका पगारावर ही दोन वर्षं काढणं अवघड, मग ते ‘मग बघू’ कुठल्या कुठे जातं बघ. उलट बी.एड. आधी केलंस तर फ्लॅट दोन-तीन वर्षं पुढे जाईल, कदाचित महाग होईल, ते नुकसान खरं आहे, कागदावर लिहा. माझं ऐकशील तर दोघांनी भांडण्याआधी सहा महिने एकाच पगारात घर चालवून बघा, तुझा पगार वेगळ्या खात्यात, हात लावायचा नाही. जमलं तर फीची सोय झाली आणि नवऱ्याची भीतीही गेली. नाही जमलं तर फ्लॅटचा हप्ताही जमला नसता हे आधीच कळलं, फुकटात.

प्रश्न: वय २७, गाव लातूर जिल्ह्यात, सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय, पाचवं वर्ष. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला राहिलो. सगळे म्हणतात जिद्द सोडू नको, आता सोडलंस तर पाच वर्षं वाया. क्लासचे सर म्हणतात दुसरा मार्ग डोक्यात असला की पहिल्यात यश येत नाही. वडील दर महिन्याला पैसे पाठवतात, काही बोलत नाहीत.

उत्तर: तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीन वेळा वाचलं.

अरे, शास्त्री रोडला क्लासच्या बाहेर तो फ्लेक्स असतो ना, निवड झालेल्यांचे फोटो, फेटे, गुलाल. त्यातला प्रत्येक जण मुलाखतीत सांगतो की मी जिद्द सोडली नाही. खरंच सांगतो. पण जिद्द न सोडता राहिलेलेही आहेत आणि ते बरेच जास्त आहेत, तुझ्याच अभ्यासिकेत तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून गेलेत, त्यांचा फ्लेक्स कोणी लावत नाही म्हणून त्यांचा सल्ला तुझ्यापर्यंत येत नाही. एक काम कर, गावी परत गेलेल्या तिघा-चौघांना फोन लाव. काय करतोयस, कधी ठरवलंस, उशीर झाला असं वाटतं का, एवढंच विचार.

आणि सरांचं ते वाक्य, दुसरा मार्ग नको वालं. जो सल्ला ऐकून तू आणखी एक वर्ष फी भरणार आहेस तो फी घेणाऱ्याकडून आलाय, हे विसरू नकोस. सर वाईट आहेत असं नाही. पण हलवायाने जिलबी चांगली आहे म्हटलं तर आपण मान डोलावतो आणि तरी चाखून बघतोच की.

खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे. म्हणजे आयोग तुला आणखी दहा-अकरा वर्षं थांबवणार नाही. थांब असं कोणीच म्हणणार नाही, मित्र नाही, सर नाहीत, वडील तर नाहीतच, त्यामुळे ती तारीख तुलाच घालावी लागेल आणि ती निकालाच्या आधी घालायची, निकाल लागल्यावर माणूस ‘फक्त चार मार्कांनी’ म्हणतो आणि परत मेसचे पैसे भरतो. गेलेली पाच वर्षं गेलीच, सहावं दिल्याने ती परत येत नाहीत. सोडच असं मी म्हणत नाहीये हं, दोनदा पूर्व काढणं सोपं नाही. पण कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज असा महिन्याचा हिशोब लिही, तारीख लिही आणि तो कागद घेऊन घरी जा. फोनवर नको. वडील काही बोलत नाहीत कारण तू काही विचारलेलं नाहीस.

प्रश्न: वय ६८, निवृत्त, कर्वे रोडजवळ राहतो. मुलगा परदेशात. सगळे म्हणतात स्वतःला गुंतवून ठेवा, नाहीतर खचाल. हास्यक्लब झाला, सुगम संगीत झालं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला जाऊन आलो. मला मनापासून आवडतं ते गॅलरीत बसून पेपर वाचणं. मुलगा म्हणतो, महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले, बघा किती कामात असायचे.

उत्तर: काका, मुलाने उदाहरण चुकीचं निवडलं. अण्णासाहेब कर्वे काही वेळ जात नाही म्हणून कामाला लागले नव्हते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या गावाने, मुरुडकरांनी, बहिष्कार टाकला, तरी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तेव्हाच्या ‘सगळे म्हणतात’ला त्यांनी किती भीक घातली ते दिसतंच आहे!

बसा गॅलरीत. बीपी-शुगरसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर तेवढं चाला, तो सल्ला तुमचे रिपोर्ट बघून दिलेला आहे. हास्यक्लब सोडला तर काही बिघडत नाही, हसू आलं तर घरी हसा. आणि मुलाचा रविवारी फोन आला की त्याला सांगा, ‘बाबा, आज काय केलंत’ विचारण्यापेक्षा ‘पेपरात काय आलंय’ ते विचार.