‘स्मोक ऑन द वॉटर’ सोडलं, तर डीप पर्पलचं सगळ्यात भारी गाणं कोणतं?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. याच प्रश्नावर आम्ही चौघं गेली पंचवीस-तीस वर्षं कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या काठावर भांडतोय आणि अजून निकाल लागलेला नाही. तुम्ही लिहिलंय की गिटारच्या क्लासात पहिल्याच महिन्यात ‘स्मोक ऑन द वॉटर’ शिकवलं, ते वाजवून आणि ऐकून वीट आला, तर आता या इंग्रज रॉक बँडचं खरोखर चांगलं गाणं कुठलं? माझं उत्तर: ‘चाइल्ड इन टाइम’, आणि तेही ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बमवरचं. पण ज्या गाण्याचा तुम्हाला वीट आलाय त्याबद्दलही मला थोडं बोलायचंय, ते शेवटी.

उद्यमनगरात माझं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेल्या मावसभावानं साठ मिनिटांच्या कॅसेटवर ‘मेड इन जपान’ भरून आणलं होतं. मूळ अल्बम सव्वा तासाचा, त्यामुळं पहिली बाजू ‘द म्यूल’मध्ये इयन पेसचा ड्रम सोलो सुरू होतोय न होतोय तोच टक् करून संपायची. पुढं काय होतं ते मला दहा वर्षांनी कळलं. पण त्या आधीची तीन गाणी, ‘हायवे स्टार’, ‘चाइल्ड इन टाइम’ आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’, लेथच्या आवाजात रोज वाजायची. ऑगस्ट 1972 मध्ये ओसाका आणि टोकियोत झालेल्या कार्यक्रमांचं ते रेकॉर्डिंग. स्टुडिओत सोनं केलेली गाणी मंचावर यांनी पुन्हा वितळवली, असं आमचा फौंड्रीवाला मित्र म्हणतो. त्याचं मत ‘स्पेस ट्रकिन’ला आहे, वीस मिनिटांच्या. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याला लांबलचक आणि कर्कश काहीही आवडतं.

खरी लढत बाकीच्या दोघांशी. एक बँकेतून रिटायर झालेला, त्याचं ‘सोल्जर ऑफ फॉर्च्युन’. दुसरा आयुष्यभर गणपतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेला, त्याचं ‘हायवे स्टार’. चहा येईपर्यंत सगळे सभ्य असतात. मग सुरू. पाटाकडील आणि प्रॅक्टिसची फुटबॉल मॅच शाहू स्टेडियमवर चालू असावी तसा आवाज चढतो आणि भेळवाला गाडी चार पावलं पुढं सरकवतो.

बँकवाल्याचं गाणं वाईट नाही. रात्री एकटं गाडी चालवताना लागलं तर घसा दाटतो. पण ते 1974 चं. तोपर्यंत गायक इयन गिलन आणि बासवाला रॉजर ग्लोव्हर बाहेर पडलेले, गातोय डेव्हिड कव्हरडेल. त्यात गिटार हळुवार, ऑर्गन मागं कुठंतरी. मी त्याला म्हणतो, ‘‘भावा, गाणं झ्याक आहे, पण ह्यात डीप पर्पल कुठं आहे?’’ तो म्हणतो, ‘‘तुला गाण्यात मशीन ऐकू आलं पाहिजे, माणूस नको.’’

आरोप अर्धा खरा आहे. माझ्या कानाला या बँडचा जीव जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनमध्ये आहे, आणि हॅमंड हे अक्षरशः मशीन आहे. आत एक सिंक्रोनस मोटर, तिच्यावर फिरणारे शाफ्ट आणि त्यांवर एक्क्याण्णव दातेरी चकत्या. प्रत्येक चकती चुंबक आणि कॉइलसमोर फिरते, दाते जितक्या वेगानं पुढून जातात तितका वर स्वर. सुरू करायला दोन बटणं: आधी एकानं मोटरला वेग द्यायचा, मग दुसऱ्यानं तिला चालू ठेवायचं. हे वाचलं त्या दिवशी मी वर्कशॉपात सगळ्यांना समजावून सांगितलं, कुणी ऐकलं नाही ते सोडा. विजेची फ्रीक्वेन्सी घसरली तर सूरही घसरणार, हे आमच्याकडच्या जुन्या लोडशेडिंगच्या दिवसांत कसं जमलं असतं कोण जाणे. बहुतेक वादक हॅमंड फिरत्या लेस्ली स्पीकरमधून वाजवतात. लॉर्डनं तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला आणि त्याला घोगरा, खरखरीत गळा दिला. म्हणून ‘हायवे स्टार’मध्ये कुठं ऑर्गन संपतो आणि कुठं रिची ब्लॅकमोरची गिटार सुरू होते ते नवख्याला पटकन कळत नाही. ऑर्केस्ट्रावाल्याला हे सांगितलं की तो चिडतो. त्याला तो गिटारचा सोलो येतो आणि तो त्यानं दोन वर्षं घासून बसवलाय, त्यामुळं त्या गाण्यात दुसऱ्या कुणाला भाव द्यायला तो तयार नाही.

आता ‘चाइल्ड इन टाइम’. 1970 च्या ‘इन रॉक’ अल्बमवर ते दहा मिनिटांचं आहे, जपानात बारा. सुरुवातीची ऑर्गनची धून यांची स्वतःची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडची एक धून होती, नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. ती वेगात होती. तालमीत लॉर्ड ती संथ करून वाजवत बसला आणि गिलन त्यावर गाऊ लागला. कोल्हापुरातून मुंबईनं बोलावलं म्हणून महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलेले शेकडो आहेत, पण मुंबईच्या नावाची धून इंग्लंडात जाऊन युद्धावरचं गाणं होते, हे मला अजून भारी वाटतं.

त्यात शब्द अगदी मोजक्या ओळींचे. नंतर गिलन शब्द सोडूनच देतो. आधी मध्य सप्तकात हलकं ‘ऊ’, मग एक पायरी वर, मग आणखी वर, आणि तिसऱ्या वेळी नुसती किंकाळी. हे ऐकून माझे आजोबा, जे देवल क्लबच्या मैफिली चुकवायचे नाहीत आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याशिवाय बाकीच्यांना फारसं मोजायचे नाहीत, जेवताना थांबले. म्हणाले, ‘‘वरडायला लागलाय खरा, पण एकेका स्वरावर बसून मग वर जातोय.’’ आमच्या घरात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नव्हतं. पुढं ब्लॅकमोरचा सोलो, लय दुप्पट, मग एकदम सगळं बंद आणि पुन्हा ती संथ ऑर्गन. वयानुसार गिलनचा गळा तिथवर पोचेना, तेव्हा त्यानं हे गाणं मंचावर म्हणणं सोडून दिलं. बळंबळं गाण्यापेक्षा हे बरं.

आता तुमच्या कंटाळ्याकडे. मीही ‘स्मोक ऑन द वॉटर’ची टिंगल करणाऱ्यांतला. ऑर्केस्ट्रावाला साउंड चेकला हटकून त्याचीच रिफ, म्हणजे सुरुवातीची गिटारची धून, वाजवायचा आणि मी बाहेर जायचो. गोष्ट तुम्हाला माहीत असेल: डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. पर्पल तिथल्या कॅसिनोत अल्बम रेकॉर्ड करायला आलेले. आदल्या दिवशी तिथं फ्रँक झॅपाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताकडं झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. धूर तळ्यावर पसरला. पोरांना बाहेर काढायला धावलेला क्लोद नॉब्स गाण्यात नावानिशी आहे. मग यांनी दुसरं थिएटर धरलं, तिथनं शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलिसांनी हुसकावलं, शेवटी थंडीत बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून ‘मशीन हेड’ पूर्ण केला. गाण्यात एवढंच आहे. दुःख नाही, तत्त्वज्ञान नाही, नुसती बातमी. म्हणूनच मला ते कोरडं वाटायचं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, खासबाग मैदानाला पाठ लावून असलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही चौघंही वेगवेगळ्या दिशांनी तिकडं निघालो, मिरजकर तिकटीच्या पुढं गर्दीनं सरकता येईना. ऑर्केस्ट्रावाल्यानं त्या मंचावर किती रात्री वाजवलं असेल, त्यालाच मोजता येणार नाही. तो काही बोलला नाही. पुढचे पंधरा दिवस रंकाळ्यावर एकच विषय: तू तेव्हा कुठं होतास, पहिला फोन कुणाचा आला, ज्वाळा कुठल्या बाजूनं दिसल्या, बंब किती आले. कुणीच ‘फार वाईट झालं’ म्हणालं नाही. नुसत्या बातम्या, त्याच त्याच, रोज. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आम्ही तेच गाणं म्हणतोय.

माझं मत अजूनही ‘चाइल्ड इन टाइम’लाच आहे. पण तुमच्या क्लासात ती रिफ एका तारेवर शिकवली असेल तर ती पुन्हा वाजवून बघा, नीट. पिक बाजूला ठेवा, चौथी आणि तिसरी तार बोटांनी एकदम ओढा. मोकळ्या तारांवर जी पहिली जोडी वाजते तिच्यात तिसऱ्या तारेला सा मानलं तर चौथी खालचा पंचम आहे, म्हणजे तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा. हे ऐकायला आजोबा हवे होते.