वाचकांचे प्रश्न : पॅरामीटराइज्ड टेस्ट वाचता येईल अशी कशी लिहावी?

प्रश्न : आमच्या बुकिंग प्रणालीत बसभाड्याची सवलत वयावरून ठरते. ५ वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत, १२ पूर्ण होईपर्यंत अर्धे तिकीट, ६५ पूर्ण झाल्यावर पुन्हा अर्धे आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत. पायटेस्टमध्ये (पायथन कोड तपासायचे साधन) यासाठी एकच पॅरामीटराइज्ड टेस्ट आहे, म्हणजे डेटाच्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणारी एकच चाचणी : ४० ओळी आणि सहा रकाने, त्यातला एक ‘एरर अपेक्षित आहे का’ असा. नवीन माणसाला ती कळतच नाही. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या एररच्या रकान्यापासून करा. तो रकाना आहे म्हणजे टेस्टच्या आत ‘एरर अपेक्षित असेल तर हे तपासा, नाहीतर ते’ असा इफ असणार. म्हणजे दोन वेगळ्या टेस्ट एकाच नावाखाली कोंबल्या आहेत. ऋण वय, वयाच्या जागी रिकामी किंमत, असल्या ओळी बाहेर काढा आणि ‘अवैध वय नाकारले जाते’ अशी स्वतंत्र टेस्ट करा. तिला एकच रकाना पुरतो, आतमध्ये ‘पायटेस्ट.रेझेस’ (एरर आलीच पाहिजे असे तपासणारे) एवढेच. पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये ओळींमधला फरक फक्त डेटाचा असावा. वागणूक बदलली की टेस्ट वेगळी.

आता उरलेले रकाने पाहा. प्रत्येक ओळीत मूळ भाडे ११० च असेल तर तो रकाना नकोच, टेस्टच्या अंगात एकदा लिहा. शेवटी दोनच रकाने उरायला हवेत, वय आणि अपेक्षित भाडे. अपेक्षित नेहमी शेवटी ठेवा.

ओळी निवडताना सीमेवरची वये घ्या : ४, ५, ११, १२, ६४, ६५, ७४, ७५. चुका होतात त्या ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘कमी किंवा समान’ लिहिल्याने, आणि त्या फक्त इथेच सापडतात. २०, ३० आणि ४० वर्षांच्या प्रवाशांनी काहीच नवे कळत नाही. पूर्ण भाड्याचा पट्टा १२ आणि ६४ ने दोन्ही बाजूंनी बांधलेला आहेच. एक ओळ मात्र वाढवा : वय ०. कोडमध्ये कोणी ‘वय नसेल तर’ हे ‘इफ नॉट वय’ असे लिहिले असेल, तर पायथनमध्ये शून्यही त्यात अडकते आणि तान्ह्या बाळाचे तिकीट एरर देते. झाल्या नऊ ओळी. त्यातल्या दोन अशा दिसतील : वय, अपेक्षित भाडे आणि आयडी, म्हणजे ओळीचे नाव.

पॅरम(११, ५५, आयडी="बारा_पूर्ण_होण्याआधी")
पॅरम(१२, ११०, आयडी="बारा_पूर्ण")

इथे ५५ च्या जागी ‘११० / २’ लिहू नका. अपेक्षित किंमत कोडच्याच सूत्राने काढली, तर सूत्रातली चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि टेस्ट खुशाल पास होते. हिशेब हाताने करा, उत्तर लिहा. ११५ चे अर्धे ५७.५० होतात, ते कसे पूर्णांकात आणायचे हा वेगळा नियम आहे. त्याची टेस्टही वेगळी हवी.

प्रश्न : एवढ्यासाठी डेकोरेटर (टेस्टच्या डोक्यावर लिहायची, ओळींची यादी देणारी खूण) कशाला? टेस्टमध्ये फॉर लूप लावला तर चालत नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालते, पण पहिला असर्ट (उत्तर अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहणारी ओळ) फेल झाला की लूप तिथेच थांबतो. पुढच्या ओळींपैकी किती मोडल्या ते कळत नाही आणि मोडलेली ओळ एकटी चालवताही येत नाही. पॅरामीटराइज केल्यावर प्रत्येक ओळ स्वतंत्र टेस्ट होते.

प्रश्न : टेस्ट फेल झाली की नावात नुसते ‘प्रवासी७’ दिसते. मराठी आयडी दिले तर त्यांच्या जागी बॅकस्लॅश आणि आकडे येतात.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आकडे आणि साध्या स्ट्रिंग पायटेस्ट नावात तशाच टाकते. तुमच्या क्लासचा ऑब्जेक्ट दिला तर मात्र रकान्याचे नाव आणि क्रमांक, बस. तो क्रमांक शून्यापासून सुरू होतो, म्हणजे ‘प्रवासी७’ ही आठवी ओळ. मध्ये एक ओळ घातली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि कालच्या रिपोर्टमधली ‘प्रवासी७’ आज दुसरीच असते. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा आयडी द्याच, आणि त्यात आकडे पुन्हा न लिहिता ती ओळ का आहे ते लिहा.

आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांखेरीजची, अक्षरे पायटेस्ट मुळातच एस्केप करून, म्हणजे बॅकस्लॅशच्या संकेतात बदलून, छापते. ते बंद करणाऱ्या सेटिंगचे नावच ‘डिसेबल टेस्ट आयडी एस्केपिंग अँड फॉरफिट ऑल राइट्स टू कम्युनिटी सपोर्ट’ असे आहे; धोका पत्करायचा तर तुमच्या जबाबदारीवर. वर मी मराठी आयडी फक्त समजावे म्हणून दिले. टीमच्या कोडमध्ये ते रोमन लिपीत, स्पेसशिवाय लिहा. एकच ओळ चालवताना नाव चौकोनी कंसासकट द्यावे लागते आणि झेड-शेलमध्ये (आज्ञा टाइप करायचा एक प्रोग्राम) त्याला अवतरणचिन्हे लागतात, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : तीन डेकोरेटर एकावर एक लावले. ओळी पंधराच, टेस्ट १२० झाल्या. शिवाय काही टेस्ट एकट्या पास होतात, एकत्र फेल.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : डेकोरेटर रचले की गुणाकार होतो : तुमच्या पंधरा ओळी ४, ५ आणि ६ अशा असणार, म्हणून ४ × ५ × ६. तिन्ही गोष्टी खरोखर एकमेकींवर परिणाम करत असतील तरच हे ठेवा, नाहीतर हव्या त्याच जोड्या एका यादीत लिहून काढा. दुसऱ्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असेल. पायटेस्ट पॅरामीटरची प्रत काढत नाही. रकान्यात लिस्ट किंवा डिक्शनरी दिली असेल, तर गुणाकारातल्या अनेक टेस्टना तोच ऑब्जेक्ट मिळतो, आणि एकीने त्यात अपेंड केले की पुढचीला बिघडलेला मिळतो. टपल (बदलता न येणारी यादी) द्या, किंवा टेस्टच्या आत नवी लिस्ट बनवा.

प्रश्न : जेयुनिट ५ मध्ये (जावा कोड तपासायचे साधन) सीएसव्ही-सोर्स वापरतो, म्हणजे ओळी स्वल्पविरामांनी तोडून लिहितो. रिकामे नाव तपासायचे आहे, पण नल (‘किंमतच नाही’) मिळते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोन स्वल्पविरामांमध्ये काहीच नसेल तर जेयुनिट त्याला नल समजते. रिकामी स्ट्रिंग हवी तर तिथे दोन एकेरी अवतरणचिन्हे लागोपाठ द्या. किमतीत स्वल्पविराम असेल तरी ती एकेरी अवतरणात घाला. पुढच्या-मागच्या स्पेस आपोआप कापल्या जातात; स्पेसच तपासायच्या असतील तर तिथेही अवतरण लागते. आणि ‘पॅरामीटराइज्ड-टेस्ट’च्या जोडीला सवयीने ‘टेस्ट’ अ‍ॅनोटेशनही (मेथडवर लावायची खूण) राहिले असेल तर ते काढा, नाहीतर तीच मेथड पॅरामीटरशिवाय चालवायचा प्रयत्न होतो आणि पॅरामीटर-रिझॉल्व्हर (पॅरामीटर पुरवणारा भाग) सापडत नसल्याची एरर येते.