गोळ्या जास्वंदीच्या बुडात

"मॅडम, ह्या चेडू निसता पडान असता. काम सांगितला तर तोंड फुगयता. सगळा त्या मोबायलाचा."

मालवण-देवगड पट्ट्यात किशोरवयीन मुलींशी बोलण्याचं काम करताना ही तक्रार मी इतक्या आयांकडून ऐकली आहे, की आता आईचं बोलणं पुरं होण्याआधीच माझी नजर मुलीच्या नखांकडे आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीकडे जाते. मी डॉक्टर नाही. पण रक्त तपासून झाल्याशिवाय 'आळशी' हा शब्द माझ्या खोलीत कुणाला वापरू देत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे दर पाच 'आळशीं'पैकी तिघींना रक्ताचा रिपोर्ट दाखवून सुटका मागता येईल.

सायली (नाव बदललं आहे) दहावीतली. जिना चढताना धाप, वर्गात डुलक्या, केस गळणं. आईने तक्रारींच्या ओघात आणखी एक सांगितलं, "आणि डब्यातले कच्चे तांदूळ खाता मुठीन. कितीदा मारलंय!" हिमोग्लोबिन निघालं ८.४. या वयात ते १२च्या खाली असायला नको. डॉक्टरांनी रोजची लोहाची गोळी दिली आणि मी माझं नेहमीचं भाषण दिलं: पालेभाजी खा, न्याहारी चुकवू नकोस, रात्री लवकर झोप. सायली प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणाली.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला ८.५.

खरं सांगायचं तर मला रागच आला. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शिकले आहे. 'हो मॅडम' हे उत्तर नसतं, ते दार लावून घेणं असतं. आईला बाहेर बसवलं आणि भाषणाऐवजी एवढंच विचारलं, "सकाळी उठल्यापासून शाळेत पोचेपर्यंत काय काय होतं, सगळं सांग."

"सहाला उठते. एसटी पावणेसातची. चहा पिते."

"चहाबरोबर?"

"दोन बटर. नाहीतर काहीच नाही. गोळी चहाबरोबरच घ्यायचे."

"घ्यायचे?"

ती गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणं, सोडणं, पुन्हा गुंडाळणं. मी घाई केली नाही. माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग तोच, तोंड बंद ठेवणं.

"एसटीत मळमळायचं. आणि..." मान खाली. "शी काळी व्हायला लागली. डांबरासारखी. मला वाटलं आत काहीतरी सडतंय. आईला कसं सांगू? आठ दिवसांनी बंद केली."

"मग गोळ्या?"

"जास्वंदीच्या बुडात पुरते."

मला हसू आलं, मग तीही हसली. पाच आठवडे त्या जास्वंदीचा ॲनिमिया बरा होत होता! लोहाच्या गोळीने शौचाला काळसर होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे एक वाक्य तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. पालेभाजीवर मी दहा मिनिटं बोलले होते आणि जे अर्ध्या मिनिटात सांगायला हवं होतं ते राहून गेलं. कच्च्या तांदळांचंही तसंच. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही पुष्कळदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. आई ज्यासाठी मारत होती, तोच तिच्या आजाराचा पुरावा होता. पहिल्याच दिवशी तो माझ्या कानांवर पडला होता, आणि मी नुसती मान डोलावली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. प्रत्येक वाईट सवयीच्या पोटात एक कारण असतं. आधी ते विचारा, सल्ला मागाहून द्या. आणि सवय एकट्या मुलीची कधीच नसते, ती सगळ्या घराच्या घड्याळाची असते. सायली साडेबारापर्यंत मोबाईल बघायची, म्हणून सहाला जेमतेम उठायची, म्हणून न्याहारी जायची आणि चहा उरायचा. म्हणजे आईचं मोबाईलबद्दलचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, वळसा घालून का होईना, बरोबर होतं.

चहा मी तोडायला सांगितला नाही, हलवायला सांगितला. चहातलं टॅनिन अन्नातलं आणि गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणून जेवण किंवा गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर हवं. सायलीचा चहा शाळेतून आल्यावर, चार वाजता गेला. डॉक्टरांना विचारून गोळी रात्री जेवणानंतर घ्यायचं ठरलं, लिंबाच्या पाण्याबरोबर. मळमळ थांबली. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र ती घेऊ नये.

खाण्याचं सांगताना बाजारातलं काही सांगायची गरज कोकणात पडत नाही. तिसऱ्या (शिंपल्या), सुकट, बांगडा यांतलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. कुळथाची उसळ असेल तर वर लिंबू पिळा. काजूची बोंडं आपण झाडाखाली कुजू देतो, त्यांत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं आणि तेच लोह शोषायला मदत करतं. बिटाचा रस मात्र रंगावर फसून पिऊ नका, लाल दिसतो म्हणून रक्त होत नाही. सायलीच्या आईने नॉनस्टिक बाजूला ठेवून माळ्यावरचा बिडाचा तवा काढला. घावणे पहिले दोन दिवस चिकटले म्हणे.

पाळी सात दिवसांच्या वर चालत असेल, तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. मुली हे आपणहून बोलत नाहीत. जंताची गोळीही चुकवू नका, आमच्या ओल्या मातीत अनवाणी फिरताना आकडीकृमी तळपायातून आत शिरतो. आणि गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो. बी-१२ची कमतरता असते, थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो, त्यांच्या तपासण्या वेगळ्या.

साडेतीन महिन्यांनी सायलीचा रिपोर्ट आला ११.८. आई कागद उलटसुलट करून बघत राहिली. "माका आळसच वाटलो गो," एवढंच मुलीला म्हणाली. तांदळांचं विचारलं, तर सायलीला ते खाणं कधी सुटलं तेच आठवेना.

मी सांगितलं, आकडा बारावर गेला तरी अंगातला साठा भरायला डॉक्टर आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवायला सांगतील.

"म्हणजे अजून तीन महिने काळी?"

"हो."

"चालेल," म्हणाली. मग दारातून मागे वळून, "जास्वंदीला कळ्या आल्यात हां, मॅडम."