रक्ताचा रिपोर्ट आहाराच्या नजरेनं: आधी एवढंच शिका

रिपोर्टमधली सगळी पॅनेल (तपासण्यांचे गट) एकदम उघडून बसू नका. पहिले काही महिने फक्त सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) वाचा. खूप काही कळेल.

हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून बाईच्या अंगात लोह पुरेसं आहे, असं नसतं. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे साठा जवळपास रिकामा. पण ताप किंवा सूज असली की फेरिटिन वाढतं, म्हणून सोबत सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) बघा.

मग सीबीसीमधला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार. ८० च्या खाली गेला तर बहुधा लोह कमी. १०० च्या वर गेला तर बी१२ किंवा फोलेटचा विचार करा (थायरॉईड, दारू, काही औषधं हीही कारणं असतात). लोह आणि बी१२/फोलेट अशा दोन्ही कमतरता एकत्र असल्या तर एमसीव्ही नॉर्मल दिसू शकतो, आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातला फरक) मात्र बहुधा वाढलेला असतो. शाकाहारी घरांत हे जरूर तपासा.

सुरुवातीच्या चुका:

- एमसीव्ही कमी दिसताच लोहाच्या गोळ्या सुरू करणं. फेरिटिन चांगलं आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या) जास्त असेल तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) असू शकतो, डॉक्टरांना विचारा.
- केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू ठेवून थायरॉईड तपासणं. आकडे चुकतात, किमान दोन दिवस आधी बंद हव्यात.
- लोह कमी असताना एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) वर विसंबणं. तो खोटा वाढलेला दिसू शकतो.

‘ऑप्टिमल रेंज’चे (आदर्श म्हणून सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांचे) तक्ते सध्या बाजूला ठेवा. त्याच लॅबचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा कुठल्या दिशेनं सरकतोय ते बघा.