परदेशातील ब्युरोचे प्रमुखपद : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : परदेशात नेमलेला बातमीदार आणि तेथील ब्युरो (वृत्तसंस्थेची किंवा वर्तमानपत्राची कचेरी) प्रमुख यांच्या कामात नेमका फरक काय? प्रमुखाने बातम्या लिहायच्या, की कचेरी सांभाळायची?

उत्तर : वर्तमानपत्राच्या ब्युरोमध्ये अनेकदा बाहेरून आलेला एकच बातमीदार आणि दोन-चार स्थानिक सहकारी एवढाच संसार असतो, त्यामुळे तेथे दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात पडतात. असोसिएटेड प्रेस किंवा रॉयटर्स यांसारख्या वृत्तसंस्थांच्या मोठ्या ब्युरोंमध्ये मात्र मजकूर, छायाचित्रे आणि व्हिडिओ यांसाठी वेगवेगळी माणसे असतात आणि प्रमुखाचा बराचसा दिवस निर्णय घेण्यात जातो. कोणाला कोठे पाठवायचे, एकाच सूत्राच्या भरवशावर बातमी सोडायची की दुसरीकडून दुजोरा मिळेपर्यंत थांबायचे, कोणाच्या व्हिसाची मुदत संपत आली आहे, बँका बंद पडल्या तर पुरेल इतकी रोकड कचेरीत आहे का, हे सारे त्यालाच पाहावे लागते. शिवाय मुख्यालय दूरच्या खंडात असेल, तर येथले काम आवरत आले की तेथल्या संपादकांचे फोन सुरू होतात, ही कटकट निराळीच.

तरीही ज्या प्रमुखाने स्वतः बातमीमागे जाणे सोडले, त्याला आपल्या माणसांना कोठे पाठवू नये हेही हळूहळू कळेनासे होते, असे माझे मत आहे. माल्कम ब्राउन १९६१ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या सायगाव (तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी) येथील ब्युरोचे प्रमुख झाले. नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यांसाठी त्यांनी तेथील वार्तांकनाची एक छोटी मार्गदर्शिकाही लिहून ठेवली होती. १९६३ मध्ये सरकारविरुद्ध आंदोलन करणारे बौद्ध भिक्षू आपल्या निदर्शनांची आगाऊ सूचना परदेशी बातमीदारांना देत असत, पण पुढे पुढे बहुतेकांनी ती मनावर घेणे सोडून दिले. ११ जूनच्या सकाळी ब्राउन मात्र गेले, आणि थिच क्वांग डुक या भिक्षूंच्या आत्मदहनाची छायाचित्रे त्यांच्या कॅमेऱ्यात आली. ती फिल्म विमानाने मनिलाला धाडून तेथून पुढे जगभर प्रसारित करण्यात आली. कचेरी सांभाळणाराच माणूस भल्या सकाळी रस्त्यावर हजर होता, हे यात लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रश्न : बातमीवर नाव परदेशी बातमीदाराचे झळकते, पण भाषा, ओळखी, वाटा हे सगळे स्थानिक माणूस पुरवतो, असे ऐकले आहे. हे खरे असेल, तर त्या माणसाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि ती जबाबदारी निःसंशय ब्युरो प्रमुखाची आहे, किंबहुना हे पद कोणाला झेपते आणि कोणाला नाही, याचा निवाडा मी याच एका गोष्टीवरून करीन.

कंबोडियातील उदाहरण या क्षेत्रात आजही सांगितले जाते. न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार सिडनी शानबर्ग आणि त्यांचे कंबोडियन सहकारी डिथ प्रान हे दोघेही १९७५ च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह काबीज केली तेव्हा तेथेच मागे राहिले. ख्मेर रूजच्या सैनिकांनी पकडल्यावर प्रान यांनी विनवण्या करून शानबर्ग आणि त्यांच्या सोबत्यांचे प्राण वाचवले. पुढे परदेशी नागरिकांना फ्रेंच वकिलातीत आसरा मिळाला, प्रान यांना मात्र तेथून बाहेर पडावे लागले. शानबर्ग सुखरूप मायदेशी पोहोचले; प्रान यांनी सक्तमजुरी आणि उपासमार यांत चार वर्षांहून अधिक काळ काढला आणि १९७९ मध्ये ते थायलंडच्या सीमेपलीकडे पोहोचू शकले. पत्रकारितेचे १९७६ चे पुलित्झर पारितोषिक शानबर्ग यांनी प्रान यांच्याही वतीने स्वीकारले, तेव्हा प्रान जिवंत आहेत की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हते.

एकाच बातमीसाठी दोघे बरोबर जातात, पण संकट आले की एकाला देशाबाहेर काढले जाते आणि दुसऱ्याच्या घरी पोलीस जातात. चीनमध्ये तर परदेशी वृत्तसंस्थांसाठी चिनी नागरिकांना बातमीदार म्हणून काम करण्याची मुभाच नाही. ते ‘वृत्त-सहायक’ म्हणून काम करतात, म्हणजे जोखीम बातमीदाराइतकी आणि अधिस्वीकृतीचे (सरकारमान्य पत्रकार असल्याच्या ओळखीचे) संरक्षण शून्य. म्हणून जाणता प्रमुख काही गोष्टी आधीच ठरवून टाकतो. स्थानिक सहकाऱ्याने एखाद्या ठिकाणी जायला नकार दिला, तर त्याला कारण विचारायचे नाही. बातमीवर त्याचे नाव द्यायचे की नाही, हे दर बातमीच्या वेळी त्यालाच विचारायचे, कारण गेल्या महिन्यात निर्धोक वाटलेले नाव या महिन्यात धोक्याचे ठरू शकते. मुलाखतीला गेल्यावर गाडी कोठे लावायची हे त्याने सांगायचे, आणि गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून उभी करायची. ठरल्या वेळी फोन आला नाही, तर पहिल्या तासात कोणी कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहिलेले असले पाहिजे. त्याचा विमा आहे का, कुटुंबीयांचे पासपोर्ट चालू आहेत का, हे शांततेच्या काळातच पाहायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले, तेव्हा विमानतळाच्या दारात कागदपत्रे नसलेल्या माणसांचे काय हाल झाले, ते सर्वांनी पाहिलेच आहे.

प्रश्न : एखाद्या देशाचे सरकार पत्रकारांच्या हात धुऊन मागे लागले, तर ब्युरो बंद करणे म्हणजे शरणागतीच नव्हे का?

उत्तर : मला तसे वाटत नाही, परंतु घाईने घेतलेला निर्णय मात्र महागात पडतो. मार्च २०२२ मध्ये रशियाने सैन्याविषयीच्या ‘खोट्या’ बातम्यांसाठी पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला, तेव्हा बीबीसी आणि ब्लूमबर्ग यांनी तेथील वार्तांकन, तर सीएनएनने तेथील प्रसारण थांबवले. बीबीसीने काही दिवसांतच आपले इंग्रजी वार्तांकन पुन्हा सुरू केले. तरी काम थांबवण्याची ती सावधगिरी अनाठायी नव्हती, हे पुढे वॉल स्ट्रीट जर्नलच्या इव्हान गेर्शकोविच यांच्या अटकेने दिसले. २९ मार्च २०२३ रोजी येकातेरिनबर्ग येथे त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडण्यात आले, जुलै २०२४ मध्ये सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि १ ऑगस्ट रोजी कैद्यांच्या अदलाबदलीत ते सुटले. त्याहीआधी बैरूतमध्ये असोसिएटेड प्रेसचे टेरी अँडरसन यांचे १९८५ मध्ये अपहरण झाले, ते डिसेंबर १९९१ पर्यंत ओलीसच होते. आणीबाणीत सेन्सॉरशिपच्या अटी न मानल्यामुळे बीबीसीचे मार्क टली यांना भारत सोडावा लागला होता, आणि आणीबाणी उठल्यावर ते परतले, हेही आपल्या स्मरणात असेल.

राहायचे ठरलेच, तर वाचकाला काय सांगता आले नाही, तेही सांगायला हवे. बातमी सेन्सॉरच्या नियमांखाली पाठवली असेल, तर तशी एक ओळ बातमीतच घालायची. आणि निघायचे ठरले, तर आधी स्थानिक सहकाऱ्यांची व्यवस्था, मग आपले तिकीट.

प्रश्न : मला पुढे हे पद मिळवायचे आहे. आधी परकीय भाषा शिकावी, की युद्धक्षेत्राचे प्रशिक्षण घ्यावे?

उत्तर : भाषा. प्रथमोपचार, स्फोटके ओळखणे, चौकीवर कसे वागावे, हे शिकवणारा अभ्यासक्रम काही दिवसांत उरकतो आणि बऱ्याच मोठ्या संस्था पाठवणीपूर्वी तो स्वतःच करवून घेतात. भाषेला वर्षे लागतात. त्याबरोबर काही काळ मुख्यालयाच्या परराष्ट्र डेस्कवर काढावा, म्हणजे रात्री आलेल्या अर्धवट मजकुराचे तेथे काय होते ते कळेल. हिशेब ठेवायलाही शिकावे, हे कोणी सांगत नाही, पण पावती न देणाऱ्या टॅक्सीचा खर्च कसा दाखवायचा, हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.