उशिरा मांडलेला हिशेब: रेड सॉक्सविषयी प्रश्नोत्तरे

बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल क्लबच्या संघबांधणीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या मराठी वाचकांची असून एक पुण्याहून आले आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले असले, तरी त्यांतला राग तसाच ठेवला आहे.

प्रश्न (वॉल्थम): मूकी बेट्सला लॉस एंजेलिस डॉजर्सकडे पाठवण्याचा निर्णय आज आपल्याला कसा वाटतो? माझ्या मुलाच्या मते तो व्यवहार अपरिहार्य होता. मी अजून त्या मालकांना माफ केलेले नाही.

आपल्या मुलाचे म्हणणे फेब्रुवारी 2020 पुरते बरेचसे खरे आहे आणि आपला राग त्याआधीच्या तीन वर्षांबाबत खरा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत तर वाद कधीच संपणार नाही.

बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये खेळाडू साधारण सहा हंगाम क्लबच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षे किमान पगाराच्या आसपास, पुढची तीन लवादाने ठरणाऱ्या पगारावर आणि त्यानंतर तो मोकळा. बेट्सने 2018 मध्ये .346 च्या सरासरीने फलंदाजी करून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला, संघाने 108 सामने जिंकून वर्ल्ड सीरिजही घेतली. पण 2020 उजाडले तेव्हा त्याच्या ताब्याचे एकच वर्ष उरले होते आणि त्या वर्षाचा पगार 2.7 कोटी डॉलर ठरला होता. दीर्घ करार करण्यापेक्षा बाजारात आपली किंमत पाहावी, असा त्याचा कल त्याने कधी लपवला नव्हता. त्यातच क्लबने 2018 आणि 2019 अशी सलग दोन वर्षे लक्झरी टॅक्सची, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारखर्चावरील कराची, मर्यादा ओलांडली होती, म्हणजे तिसऱ्या वर्षी वरच्या रकमेवर 50 टक्के दर लागणार होता. मर्यादेखाली एक वर्ष काढले की दर पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणून बेट्सच्या सोबत डेव्हिड प्राइसही गेला. प्राइसच्या करारात तीन वर्षे आणि 9.6 कोटी डॉलर उरले होते, त्यांतला निम्मा भार बोस्टनने स्वतःकडे ठेवला.

बदल्यात अलेक्स व्हर्डुगो, कॉनर वॉन्ग आणि जीटर डाउन्स आले. डाउन्स बोस्टनकडून 2022 मध्ये केवळ 14 सामने खेळला आणि त्याच डिसेंबरात सोडून देण्यात आला. (कट्टर प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यँकीजच्या डेरेक जीटरवरून नाव ठेवलेला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, बोस्टनने भरपाई म्हणून घ्यावा, यातच सारे आले, असे म्हणणारे चाहते मला भेटले आहेत.) व्हर्डुगो चार हंगामांनंतर खुद्द यँकीजकडे गेला. बेट्सने मात्र डॉजर्ससाठी एकही सामना खेळण्यापूर्वी, जुलै 2020 मध्ये, 12 वर्षांचा 36.5 कोटींचा करार केला आणि 2020, 2024 व 2025 अशी तीन विजेतेपदे त्यांच्यासोबत मिळवली.

एक वर्ष उरलेल्या आणि सही न करणाऱ्या खेळाडूची किंमत बाजारात पडतेच, त्यामुळे मिळालेला मोबदला त्या दिवशी लाजिरवाणा नव्हता. चूक ही की क्लब त्या दिवसापर्यंत पोहोचलाच कसा. बेट्स सही करणार नव्हता तर दोन वर्षे शिल्लक असताना, म्हणजे 2018 च्या विजयानंतरच्या हिवाळ्यात, त्याला विकायला हवे होते. विजयाची मिरवणूक निघून गेल्यावर महिनाभरात सर्वोत्तम खेळाडू विकण्याची छाती कोणत्या मालकाची झाली असती? ते जमणार नव्हते, तर त्याला दोन-तीन वर्षे आधी, तो स्वस्त असताना, भरघोस रक्कम देऊन बांधायला हवे होते. हा क्लब हीच चूक यापूर्वीही करून बसला होता. 2014 च्या वसंतात जॉन लेस्टरपुढे चार वर्षांसाठी सात कोटींचा प्रस्ताव ठेवला गेल्याचे तेव्हा छापून आले होते. जुलैत त्याला ओकलंडला पाठवले आणि डिसेंबरात शिकागो कब्जने त्याच्याशी सहा वर्षांचा 15.5 कोटींचा करार केला.

प्रश्न (पुणे): आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला सारखीच रक्कम मिळते. बेसबॉलमध्ये पैशावर बंधनच नसेल, तर "टॅक्समुळे खेळाडू गेला" हे कारण कसे मान्य करायचे?

पूर्णपणे मान्य करू नये. आयपीएलच्या 2025 च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे 120 कोटी रुपये होते आणि त्यापलीकडे एक रुपयाही खर्चता येत नव्हता. मेजर लीगमध्ये अशी भिंत नाही, फक्त टोलनाका आहे. 2025 साठी तो 24.1 कोटी डॉलरवर होता. पहिल्यांदा ओलांडला तर वरच्या रकमेवर 20 टक्के, सलग दुसऱ्यांदा 30, तिसऱ्यांदा 50 आणि फारच पुढे गेल्यास त्यावर अधिभार. टोल भरून पुढे जाणारे संघ आहेत आणि डॉजर्स त्यांतलेच. लिव्हरपूल फुटबॉल क्लबही ज्यांच्या मालकीचा आहे, त्या समूहाला टोल परवडत नाही, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तो भरायचा नाही, हा त्यांचा निर्णय असतो. तो निर्णय व्यवहार्य असू शकतो, पण त्याला नाइलाज म्हणू नये.

प्रश्न (नॅशुआ, न्यू हॅम्पशायर): 2022 मध्ये संघाने खेळाडू विकले की घेतले, हेच मला कळले नव्हते. बोगार्ट्स फुकट गेला, हे तरी खरे ना?

जवळजवळ फुकट. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला संघ ह्यूस्टनमध्ये होता आणि कॅचर क्रिस्टियन वाझ्केझ सामन्याआधी मैदानात बॅटिंगचा सराव करत होता, तेवढ्यात तो समोरच्याच संघाला दिला गेल्याचे त्याला समजले. सामान उचलून त्याला त्याच इमारतीतल्या दुसऱ्या ड्रेसिंग रूममध्ये जायचे होते. त्या दिवशी तुमच्यासारखे हजारो चाहते भडकले. त्याच सुमारास टॉमी फॅम आणि एरिक हॉस्मर यांना मात्र घेण्यात आले, म्हणजे एका हाताने विक्री आणि दुसऱ्या हाताने खरेदी. गंमत अशी की वाझ्केझच्या बदल्यात आलेल्या दोघांपैकी विल्यर अब्रेऊने पुढे 2024 आणि 2025 मध्ये उजव्या मैदानासाठी गोल्ड ग्लोव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला, आणि तो व्यवहार तेव्हाचे संघबांधणी प्रमुख हाइम ब्लूम यांच्या कारकिर्दीतल्या चांगल्या व्यवहारांत मोजावा लागतो.

अक्षम्य ठरले ते झँडर बोगार्ट्सचे प्रकरण. त्या हंगामानंतर करार सोडण्याची मुभा त्याला आहे, हे 2019 पासून कागदावर होते. मार्च 2022 मध्ये ट्रेव्हर स्टोरी या दुसऱ्या शॉर्टस्टॉपला 14 कोटी देऊन आणले गेले, तेव्हाच बोगार्ट्सने ओळखायचे ते ओळखले असणार. डिसेंबरात सॅन डिएगोने त्याला 11 वर्षांसाठी 28 कोटी दिले. त्या भावाला बोस्टनने नाही म्हटले, ते योग्यच केले. पण शेवटच्या स्थानावर राहूनही क्लबने त्या वर्षी टॅक्सची मर्यादा थोडक्यात ओलांडली होती, त्यामुळे भरपाई म्हणून मिळणारी ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधली) निवड दुसऱ्या फेरीनंतर न येता चौथ्या फेरीनंतर आली. जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या चाहता मेळाव्यात मालक जॉन हेन्री यांची हुर्यो उडवली गेली, ती मला शिस्तीला सोडून वाटली नाही.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): पिचर क्रिस सेलला अटलांटाला दिले आणि पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. हा मूर्खपणा नाही तर काय?

पुढचे दिसल्यावर मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. 2020 ते 2022 या तीन वर्षांत सेलने केवळ 48⅓ डाव टाकले होते. कोपराची शस्त्रक्रिया, बरगडी, बोट आणि शेवटी सायकलवरून पडून मोडलेले मनगट, अशी ती रांग होती. डिसेंबर 2023 मध्ये 1.7 कोटी डॉलर सोबत देऊन त्याच्या बदल्यात वॉन ग्रिसमला आणले गेले. 2024 मध्ये सेलने 18 विजय, 2.38 चा ईआरए (दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी) आणि 225 बळी (स्ट्राइकआउट) अशी कामगिरी केली, तर ग्रिसम बोस्टनकडून 31 सामने खेळला आणि त्याची सरासरी .190 राहिली. माझी तक्रार वेगळी आहे. अध्यक्ष टॉम वर्नर यांनी त्याच हिवाळ्यात "फुल थ्रॉटल" (पूर्ण वेगाने) हा शब्द वापरला होता, आणि त्यानंतर हातातला पिचर देऊन लुकास जिओलिटोला घेतले गेले, जो दुखापतीमुळे 2024 मध्ये एकही सामना खेळू शकला नाही. सेल सावरेल, याचा अंदाज कोणाला नव्हता. पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे, हे वर्नर यांना ठाऊक असायला हवे होते.

प्रश्न (शार्लटन): डेव्हर्सच्या बाबतीत चूक कोणाची? घरात याच्यावरून दोन तट पडले आहेत.

दोन्ही तटांना थोडे थोडे द्यावे लागेल, पण मोठा वाटा व्यवस्थापनाचा. बेट्स आणि बोगार्ट्स गेल्यावर, जानेवारी 2023 मध्ये, रफाएल डेव्हर्सला दहा वर्षांसाठी 31.35 कोटी देऊन बांधले, तेव्हा क्लबला अखेर शहाणपण सुचले असे आम्हा सर्वांना वाटले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये अलेक्स ब्रेगमन तीन वर्षांच्या 12 कोटींच्या करारावर आला. थर्ड बेसवर ब्रेगमन निःसंशय सरस होता. डेव्हर्सने मात्र फोर्ट मायर्सच्या सरावशिबिरात ही जागा माझी आहे, असे सांगितले. अखेर तो केवळ फलंदाज म्हणून खेळायला तयार झाला. मे महिन्यात फर्स्ट बेसमन ट्रिस्टन कॅसासचा गुडघा निकामी झाला आणि ब्लूम यांच्या जागी आलेल्या क्रेग ब्रेस्लो यांनी डेव्हर्सला ती जागा सांभाळण्याविषयी विचारले. आधी ग्लोव्ह ठेवून द्यायला सांगितले, आता पुन्हा उचलायला सांगता, अशा आशयाचे त्याने वार्ताहरांना सुनावले. मालक हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले.

एवढ्या पैशात त्याने फर्स्ट बेसवर उभे राहायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण दहा वर्षांचा करार केलेल्या माणसाशी जागेबाबत बोलणे ब्रेगमनची सही होण्याआधी व्हायला हवे होते. 15 जूनच्या रविवारी फेनवे पार्कवर यँकीजला 2-0 ने हरवून मालिकेतले तिन्ही सामने जिंकले, त्यात डेव्हर्सने होमरन मारला, आणि सिअ‍ॅटलला निघालेल्या संघाच्या विमानात बसल्यावर त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवल्याचे कळले. उरलेले 25 कोटींहून अधिक डॉलर जायंट्सने अंगावर घेतले. बदल्यात आलेल्यांपैकी जॉर्डन हिक्स पार ढेपाळला आणि जेम्स टिब्सला जुलै संपण्यापूर्वीच डॉजर्सकडे पाठवले.

तरीही संघ 89 सामने जिंकून वाइल्ड कार्डपर्यंत, म्हणजे बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, गेला, तेव्हा या व्यवहाराने हंगाम बुडाला असे म्हणता येत नाही. आणि हंगामानंतर ब्रेगमननेही करारातली मुभा वापरली. ज्याच्यासाठी जागा रिकामी केली, तो एका हंगामाचाच पाहुणा निघाला.

प्रश्न (क्विन्सी): प्रशिक्षक बदलला तर काही फरक पडेल का?

मॅनेजर लाइनअप लिहितो, करार लिहीत नाही. बदल वरच्या, म्हणजे संघबांधणी प्रमुखाच्या, खुर्चीत होतच असतात. बेन चेरिंग्टन, डेव्ह डोम्ब्रोव्स्की आणि ब्लूम, तिघेही साधारण चार-चार वर्षे टिकले, आणि डोम्ब्रोव्स्की तर विजेतेपदानंतर वर्षभरातच गेले. चार वर्षांत जाणार हे ठाऊक असलेला माणूस दहा वर्षांचा विचार कशाला करील?

प्रश्न (लोवेल): तरुण खेळाडूंशी इतक्या लवकर लांबचे करार करणे हा जुगार नाही का?

आहे, आणि तो खेळावा असेच माझे मत आहे. रोमन अँथनीने 9 जून 2025 रोजी पदार्पण केले आणि दोन महिने पुरे होण्याआधी आठ वर्षांसाठी 13 कोटींचा करार केला. गॅरेट क्रोशेला आणल्यावर चार महिन्यांत सहा वर्षांसाठी 17 कोटींना बांधले, आणि सप्टेंबरअखेर यँकी स्टेडियमवर त्याने 11 बळी घेऊन वाइल्ड कार्ड मालिकेतला पहिला सामना जिंकून दिला. क्रिस्टियन कॅम्पबेलचे उदाहरण उलटे आहे. एप्रिलमध्ये आठ वर्षांसाठी सहा कोटी मिळाले आणि जूनमध्ये त्याला वूस्टरच्या मायनर लीग संघात परत पाठवावे लागले. पण कॅम्पबेलची वार्षिक सरासरी 75 लाख डॉलर पडते आणि डेव्हर्सची 3.13 कोटी. एका डेव्हर्समध्ये चार कॅम्पबेल बसतात, आणि त्या चारांपैकी एक जरी अँथनीसारखा निघाला तरी उरलेल्या तिघांचे पैसे वसूल होतात.