वस्तीतल्या जयंतीत पहिल्यांदा गाणार असशील तर

1 ऑगस्टला, लोकशाहीर अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीला, स्वतःची गाणी म्हणायला मिळतायत, छान झालं. पण वहीतली सगळी नेऊ नकोस, चारच ने. सत्कार, हार-नारळ, पाहुण्यांची भाषणं यातच दीड तास जातो आणि दहाला स्पीकर बंद करावा लागतो. वीस मिनिटं मिळाली तरी खूप.

दिवस पावसाचे, तेव्हा डफाकडे बघ. दमट हवेत कातडं सैलावतं. मी एकदा दुर्लक्ष केलं आणि पहिल्याच थापेला डफ पुठ्ठ्यासारखा भद्द वाजला; पुढची पोरं फिदीफिदी हसली. पेटत्या कागदावर लांबूनच फिरवायचा, मधेमधे टिचकी मारून बघायची. खणखणला की बास, जास्त शेकलास तर तडकेल. मग तुणतुण्याची तार तुझ्या 'सा'ला लाव.

सुरुवातीला वंदन म्हण. अण्णाभाऊंनी गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन आणलं, त्या वाटेवर तुझ्या शब्दांत दोन ओळी बांध. नवं गाणं लोकांच्या ओळखीचं नसतं, म्हणून ध्रुवपद आखूड हवं. लोककवी वामनदादा कर्डकांची ध्रुवपदं नीट ऐक. झीलकऱ्यांना, म्हणजे मागून ध्रुवपद उचलणाऱ्या साथीदारांना, ते पाठ करायला लाव. कागद बघून झील धरणारे मला तरी बघवत नाहीत.

माईकपासून डफ हातभर लांब, नाहीतर शब्द बुडतात.

आणि गाडीभाड्याचं आधीच बोलून घे. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष सापडत नाहीत.